एकशे सतराव्या घराची नाडी

"मॅडम, एवढं एकच सांगून टाका," कटाची वाटी टेबलावर ठेवता ठेवता आण्णाप्पानं विचारलं, "आज आक्का दार उघडत्या का न्हाई?"

तेजश्री कुरणेनं पावाचा तुकडा मोडला. कोल्हापुरातल्या या मिसळीच्या दुकानात ती दर रविवारी सकाळी यायची, आणि 'दूरवस्ती' ही मालिका तीच लिहिते हे आण्णाप्पाला कळल्यापासून तिला तर्री जरा जास्तच मिळायची.

"तुम्हाला काय वाटतं?"

"उघडावं की. सख्खा भाऊ हाय बाहेर."

"मग उघडेल. तुमच्या घरी उघडेल."

आण्णाप्पाचा चेहरा पडला. "तसं नको ओ. माझ्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. खरं काय हुतंय ते सांगा."

तेजश्रीची नजर त्याच्या हाताकडे गेली. आण्णाप्पाच्या मनगटावर करड्या रंगाचा नाडीपट्टा होता. शेजारच्या टेबलावरच्या चौघांच्या मनगटांवर होता आणि तिच्या स्वतःच्याही होता. दोन वर्षांपूर्वी वाहिनीनं जाहीर केलं की पट्टा बांधून मालिका बघणाऱ्या घराचं टीव्हीचं महिन्याचं भाडं माफ, आणि फुकट ते पौष्टिक म्हणत सगळ्या महाराष्ट्रानं हात पुढे केला. नाडी, घाम आणि श्वास यांचा ताळा घेऊन बघणाऱ्याच्या मनाचा कल ओळखायचं यंत्र वाहिनीकडे होतं. त्याचं नाव कलवेध. पहिली दोन वर्षं कलवेध नुसते अहवाल द्यायचा: इथे लोक कंटाळले, इथे रडले, इथे उठून पाणी प्यायला गेले. आता तो प्रसंग रचायलाही शिकला होता. नटांचे चेहरे आणि आवाज त्याच्या पोटात होतेच. शनिवारी पहिला भाग सगळ्यांना सारखा दाखवायचा, त्या वेळची नाडी टिपायची, आणि रविवारी दुसरा भाग ज्याच्या त्याच्या मनासारखा घरोघर पाठवायचा, असं ठरलं होतं. आजचा रविवार तो पहिलाच.

काल गुरूच्या कॅलिस्टो नावाच्या चंद्रावर, म्हणजे खरं तर मार्केट यार्डाजवळच्या एका जुन्या गुळाच्या गोदामात, वस्तीच्या एका बाजूला तडा गेला होता. हवा बाहेर चालली होती. वस्तीची प्रमुख गिरिजाआक्का मधल्या, अजून पुरतं न बसलेल्या पोलादी दाराच्या चक्रावर हात ठेवून उभी होती. तिच्या पाठीमागे एकेचाळीस माणसं होती. दाराच्या पलीकडे, फुटक्या बाजूला, तिचा धाकटा भाऊ रघुवीर होता. तो दार वाजवत होता आणि भाग तिथेच संपला होता. हा प्रसंग घेताना कॅलिस्टोच्या बर्फावरून मुंग्यांची रांग निघाली होती, कारण गोदामाचा गुळाचा वास काही केल्या जात नाही. त्या मुंग्या नंतर पुसून काढाव्या लागल्या.

तेजश्रीनं दुसरा भाग लिहिला होता. त्यात आक्का दार बंद करते. निर्मात्या कोरगावकर मॅडमनी तो वाचून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सुंदर. ही मूळ प्रत आपण जपून ठेवू. ज्यांच्याकडे पट्टा नाही त्यांना हीच जाईल." पट्टा नसलेलं घर शोधायला आता दिवा घेऊन फिरावं लागलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. ती महिनाभर भांडली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "लोकांना त्यांच्या मनासारखं मिळालं तर तुझं काय जातंय गं?" काय जातं ते तेजश्रीला सांगता आलं नाही, कारण ते मालिकेबद्दलचं नव्हतंच.

मिसळ अर्धी झाली असेल तेवढ्यात फैयाज मुल्ला आला. वाहिनीकडून कलवेध सांभाळणारा हा इंजिनिअर मुलगा तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होता, तोंडानं फटकळ आणि मनानं हळवा. त्यानं समोर बसून हातातली संगणकाची पाटी उघडली. तीनशे नमुनाघरांच्या कालच्या नोंदी त्यात होत्या. घरांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. पण एकशे सतराव्या घराखाली 'गाव पिंपळढोण, राहणारे एक, वय बाहत्तर' एवढं लिहिलेलं होतं आणि पिंपळढोणच्या आनंदराव कुरण्यांची मुलगी ते ओळखणार नाही असं कसं होईल?

"एकशे सतरा दाखव," ती नेहमीप्रमाणे म्हणाली.

हे नियमात बसत नव्हतं. पण गेली दोन वर्षं फैयाज तिला रोज सकाळी ती एक ओळ दाखवायचा. बापू, तिचे वडील, तिच्याशी पाच वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. ती गावी गेली की ते शेताकडे निघून जायचे, फोन केला की तो वाजून वाजून बंद व्हायचा. पण त्यांची नाडी रोज तिच्याशी बोलायची. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. कधी ब्याऐंशी झाली की ती दिवसभर बेचैन. पात्रं मारायची की जगवायची हेसुद्धा ती त्या ओळीवरून ठरवू लागली होती. वस्तीतला स्वयंपाकी किसनमामा दीडशेव्या भागात मरायचा होता. पण पावणेआठच्या ठोक्याला तो पडद्यावर आला की एकशे सतराची नाडी चढते हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं त्या निरुपयोगी म्हाताऱ्याला दीड वर्षं जिवंत ठेवलं.

आज फैयाजनं पाटी तिच्याकडे वळवली नाही.

"काय झालं?"

"पट्टा सुटला असंल ओ."

"फैयाज."

त्यानं पाटी वळवली. साडेसातपासून रेघ नेहमीसारखी चालली होती. रघुवीरनं दार वाजवायला सुरुवात केली तिथे ती एकदम उभी चढली होती. एकशे दहा, एकशे तीस, एकशे पंचावन्न. बारा मिनिटं ती वरच थरथरत राहिली होती. आणि मग खाली सपाट. सकाळी नऊपर्यंत सपाट.

तेजश्रीनं मिसळ बाजूला सारली. तिनं बापूंना फोन लावला. वाजला आणि बंद झाला. पण तो तर नेहमीच तसा वाजून बंद व्हायचा, त्यातून काय कळणार? बापूंच्या शेजारच्या मालनकाकींचा नंबर लावला, तर तो अस्तित्वात नव्हता.

"अजून एक सांगू का? रागावू नका," फैयाज खाली बघत म्हणाला. "रेघ तुटायच्या आधी कलवेधनं त्यांचा कल धरलाय. त्यांना दार उघडायची प्रत लागलीय. सगळ्या राज्यात एवढ्या जोरात दार उघडा म्हणणारं दुसरं घर न्हाई."

ती उठलीच. आण्णाप्पा मागून हाका मारत राहिला.

मालिकेच्या युनिटची गाडी स्वतःच चालणारी होती. तिला पत्ता सांगायचा आणि बसून राहायचं. घाई म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रंकाळा ओलांडेपर्यंत तेजश्रीनं दहा वेळा फोन लावला. भोगावतीच्या पुलावर गाडी ट्रॅक्टरला वाट द्यायला थांबली. पुढे एका वस्तीपाशी कोंबडी रस्त्यात आली तेव्हा गाडीनं अदबीनं थांबून ती पार होऊ दिली, मग तिची पिल्लं पार होऊ दिली. "चल ना गं बाई!" तेजश्री ओरडली. गाडी म्हणाली, "आपली सुरक्षितता महत्त्वाची आहे." तिला त्या आवाजाच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली.

पाच वर्षांपूर्वीही असाच रविवार होता. रणजित, तिचा धाकटा भाऊ, मोटारसायकलवरून पडून अकरा दिवस दवाखान्यात यंत्राच्या श्वासावर होता. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा तपासणी केली आणि सांगितलं की मेंदू गेला आहे. छाती हलते आहे ती यंत्रामुळे. बापू पहाटेच कुलदैवताच्या डोंगरावर अंगारा आणायला गेले होते. रणजितच्या दोन्ही मूत्रपिंडांवर दोन माणसांचा जीव अडकला होता, पण त्याचा रक्तदाब घसरत चालला होता. तीनच्या आत अवयवदानाची सही हवी, असं डॉक्टर म्हणाले. बापूंची गाडी चारला पोचणार होती. तिनं फोनवर अर्धवट सांगितलं, तेव्हा डोंगरावरच्या वाऱ्यात बापूंचा आवाज आला, "थांब तेजू, मी आलोच. मी आल्याबिगर काय करू नगंस." मग रेंज गेली.

ती थांबली नाही. बापू अंगाऱ्याची पुडी घेऊन आले तेव्हा पलंगावरची चादर बदललेली होती.

दोन माणसं जगली हे तिला त्यांना सांगायचं होतं. रणजितचा हात शेवटपर्यंत तिच्या हातात होता हेही सांगायचं होतं. पण बापूंनी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगितलं तर ती सबब झाली असती. म्हणून तिनं कॅलिस्टोवर एक दार बांधलं. बापू रोज संध्याकाळी मालिका बघतात, हे तिला नाडीवरून ठाऊक होतं. एक दिवस ते दार त्यांच्यासमोर बंद करायचं आणि मग काय होईल ते होवो, एवढ्यासाठी तिनं दोन वर्षं सहाशे भाग लिहिले होते. आणि आता ते दार त्यांच्या घरी उघडणार होतं. उघडणारं दार बघायला ते असतील तर. काल रघुवीरनं दार वाजवलं आणि बापूंचं काळीज... तिनं पुढचा विचार केला नाही. गाडीच्या खिडकीवर बोटं वाजवत राहिली.

पिंपळढोणला पोचेपर्यंत अकरा वाजले. ती फाटकातून धावतच आत शिरली. घराच्या पुढच्या सोप्यात, टीव्हीच्या समोर, बापू गुडघ्यांवर बसलेले होते. त्यांच्या सदऱ्याला रक्ताचे वाळलेले डाग होते.

"बापू!"

त्यांनी मान वर केली. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं, आणि म्हणाले, "आलीयास व्हय. ये, धर जरा हिला. पाजू देईना झालीय."

खांबाला एक काळी शेळी बांधलेली होती. तिच्या पोटाशी कान लोंबणारं करडू थरथरत उभं होतं. तेजश्रीनं पर्स टाकली आणि शेळीची शिंगं धरली. बापूंनी करडाचं तोंड आचळाला लावलं. करडू चुरूचुरू पिऊ लागलं.

"काल तिन्हीसांजेला व्यायला लागली बघ," बापू शेळीला थोपटत म्हणाले. "पिल्लू आडवं हुतं. मीच हात घालून फिरवलं. टीव्ही चालूच हुता, पर बघतंय कोण. आठाला व्याली. आणि व्याल्या व्याल्या आमच्या बाईसायबांनी पायातला पट्टा चावून टाकला."

खांबाखाली करड्या नाडीपट्ट्याचे तीन तुकडे पडले होते.

तेजश्री त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "हा पट्टा... शेळीच्या पायात होता?"

"मग?"

"कालच?"

"पयल्यापासनं. त्यो पोरगा बसवाय आलता, म्हणाला हाताला बांधा. मला न्हाई जमत. कारखान्यात बॉयलरवर चाळीस वर्सं काढली, हाताला घड्याळ सुदिक बांधलं न्हाई. चक्रात अडकलं तर हात जातोय. जनावरांच्या डाक्टरास्नी इचारलं, ते म्हणाले शेळीची नाडी माणसागतच पडत्या, सत्तर-ऐंशी. दिला बांधून." मग जरा संशयानं, "का गं? त्येचा काय दंड हाय व्हय?"

तिनं पट्ट्याचा एक तुकडा उचलला. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. ब्याऐंशी. ज्या नाडीवर तिनं दोन वर्षं जीव टांगला होता ती या काळ्या बाईसायबांची होती.

"पावणेआठला हिला काय करता तुम्ही?" तिनं विचारलं.

"पाला टाकतोय. घड्याळ लावून. उशीर झाला की वरडत्या."

किसनमामा दीड वर्षं जगला होता तो बाभळीच्या पाल्यावर. तिला हसू फुटलं. ती खांबाला टेकून पोट धरून हसली आणि हसता हसताच कधी हुंदके आले तिला कळलं नाही. बापू घाबरून बघत राहिले. मग उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं.

दिवसभर ते बोलले ते शेळीबद्दलच. करडाला ऊब कशी द्यायची, गुळाचं पाणी किती पाजायचं. ती त्या घरात आहे याची त्यांनी तेवढ्यापुरती दखल घेतली, त्यापलीकडे नाही. रणजितच्या फोटोवर धूळ नव्हती. तिनं भात-आमटी केली, ते पाठ करून जेवले. तिला वाटलं, निघावं. बापू जिवंत आहेत, नाडी शेळीची का असेना, बरी आहे. पण साडेसातची वेळ जवळ आली तशी तिचे पाय घरात घोटाळू लागले. ती दोनदा चप्पल घालून अंगणात गेली आणि परत आली.

सव्वासातला बापूंनी करडू मांडीवर घेतलं आणि टीव्ही लावला. टीव्हीच्या कपाळावरचा दिवा लाल लुकलुकला. शनिवारी लागलेली प्रत दाखवायलाही पट्टा समोर लागायचा, आणि त्याला शेळीचा पट्टा सापडत नव्हता. तो थोडा वेळ शोधत राहिला आणि मग हिरवा झाला.

"नवीन नाडी जोडली," टीव्ही गोड आवाजात म्हणाला. "आपली प्रत तयार होत आहे."

तेजश्रीचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं. तिचा पट्टा तिनं काढलाच नव्हता.

आपली प्रत कशी असेल हे तिला नेमकं माहीत होतं. शुक्रवारी चाचणीसाठी फैयाजनं तिच्याच नाडीवरून दुसरा भाग रचून दाखवला होता. त्यात रघुवीर दाराबाहेरून म्हणतो, "आक्का, कर बंद. माझी काही तक्रार नाही." मग आक्का दार बंद करते, आणि वस्तीतला सर्वांत वृद्ध माणूस, आक्काचा बाप, पुढे येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवतो. "बरोबर केलंस पोरी," तो म्हणतो. असा बाप तिनं मूळ गोष्टीत लिहिलेलाच नव्हता. यंत्रानं तो तिच्या छातीतून शोधून काढला होता. ती त्या अंधाऱ्या खोलीत ढसाढसा रडली होती आणि बाहेर येताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

आता तोच म्हातारा पंधरा मिनिटांत या सोप्यात येणार होता. बापू बघतील. परक्या बापाला मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना बघून यांचाही हात उचलला जाईल, कदाचित. कुणाचं काय बिघडणार होतं? पाच वर्षं झाली होती. ती थकली होती. तिला तो हात हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि नुसतं बसून राहिलं की तो मिळण्यासारखा होता.

पण मग हात कुणाचा, आणि कुणाच्या सांगण्यावरून?

तिनं पट्ट्याची कडी सोडली. पट्टा निघताना मनगटावरचे केस ओढले गेले. तिनं तो अंगणात नेऊन गाडीत टाकला आणि दार लावलं.

"काय झालं?" बापूंनी विचारलं.

"हाताला काचत होता."

टीव्हीचा दिवा लाल झाला, लुकलुकला आणि विझला. "नाडी उपलब्ध नाही," टीव्हीचा आवाज आता तितका गोड नव्हता. "मूळ प्रत सुरू होत आहे."

ती बापूंच्या मागे, उंबऱ्यावर बसली. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता. पांढरी मान आणि करडाचे लोंबते कान तेवढे दिसत होते.

कॅलिस्टोच्या वस्तीतून हवा बाहेर चालली होती. आक्काच्या मागे माणसं एकमेकांना धरून उभी होती. दाबाचा काटा खाली येत होता. दाराबाहेरून रघुवीरचा आवाज आला, "थांब आक्का, मी आलोच. मी आल्याशिवाय काही करू नकोस."

बापूंचा करडावरून फिरणारा हात थांबला.

"तुला आत घ्यायला चार मिनिटं लागतील," आक्का म्हणाली. "मागच्यांकडे दोन आहेत."

"थांब म्हणतोय ना!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आक्का, तुझा भाऊ आहे तो!" आक्कानं चक्राला दोन्ही हात घातले. "दाब नातं बघत नाही," ती म्हणाली आणि तिनं चक्र फिरवलं.

तेजश्री सहावीत असताना बापूंनी तिला कारखाना दाखवायला नेलं होतं. बॉयलरच्या चक्रापाशी उभं राहून ते म्हणाले होते, "हे बंद करायची येळ आली की पलीकडं कोण हाय ते बघायचं न्हाई. दाब नातं बघत न्हाई." ते विसरलेही असतील. ती विसरली नव्हती.

चक्र साडेतीन फेरे फिरलं. दार बसलं. त्यावर रघुवीरच्या मुठी वाजत राहिल्या. तेजश्रीनं इथे संगीत ठेवू दिलं नव्हतं. आक्का पळून गेली नाही, तिनं कान झाकले नाहीत. तिनं तळहात दाराला टेकवला, आणि पलीकडचा आवाज थांबेपर्यंत तो तसाच ठेवला. मग थांबला. पडदा काळा झाला.

बापू हलले नाहीत. तेजश्रीनं उंबऱ्याची कड घट्ट धरली होती. हे उठतील, शेताकडे जातील, आणि या वेळी ते कायमचंच असेल, असं तिला वाटत होतं.

बाहेर गल्लीत एकाएकी आरडाओरडा झाला. शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घरोघरच्या उघड्या दारांतून माणसं एकमेकांना सांगत होती, प्रत्येकाचं थोडं निराळं, पण सगळ्यांचं गोड. मालनकाकी पदर सावरत फाटकातून आत आल्या.

"वाचला की ओ, भावजी! आक्कानं दार उघडलं, रघूनं आत उडी घेतली आणि दोघांनी मिळून लावलं बघा. किती रडले म्हणून सांगू! तुमच्यात पण तसंच झालं न्हवं?"

बापूंनी घसा खाकरला.

"आमच्यात न्हाई वाचला," ते म्हणाले.

मालनकाकी हसता हसता थांबल्या. त्यांनी बापूंकडे बघितलं, उंबऱ्यावरच्या तेजश्रीकडे बघितलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे. मग, "बरं, करडू ग्वाड हाय हं," असं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या.

बापूंनी टीव्ही बंद केला. करडू आईपाशी नेऊन ठेवलं. मग परत येऊन, तेजश्रीच्या समोर, जमिनीवर मांडी घालून बसले.

"त्यो भाऊ बोलला ते माझं बोलणं हाय. फोनवरचं."

"हो."

"आणि ती चक्र फिरवताना बोलली तेबी माझंच."

"हो, बापू."

"म्हंजे दाराभाईर तू त्येला न्हाई, मला हुबं केलंयस."

तिनं मान हलवली. बाहेर अजून फटाके वाजत होते, आणि लोक एकमेकांना विचारत होते, तुमच्यात काय झालं, तुमच्यात काय झालं. बापूंनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. किती पडत होती त्यांची नाडी या वेळी, ते मोजायला त्या घरात काहीही नव्हतं.

"मग आता तूच सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी थांबली का न्हाईस?"